आधी तिचं ऐका: यवतमाळच्या गावांतले अनुभवाचे बोल

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडची बाई असो की वणीची, जिल्ह्याच्या गावी यायचं तर तिला शंभर किलोमीटरच्या पुढे प्रवास करावा लागतो. कापूस, सोयाबीन, कर्ज, दारू आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनीच बाहेरचे लोक या जिल्ह्याला ओळखतात. मी इथे आधी महिला बचतगटांची सहयोगिनी म्हणून काम केलं आणि पुढे समुपदेशक म्हणून. महिलांसाठीच्या सरकारी योजना मी बाईच्या बाजूने पाहिल्या आहेत. तिच्या हाती पडलेल्याही आणि पडता पडता राहिलेल्याही. या योजनांचा हिशेब रुपयांत आणि लाभार्थींच्या संख्येत होतो. पण योजना देताना बाईशी कोण कसं बोललं, तिला किती वेळा परत पाठवलं, तिचं खरं मानलं की नाही, यावर तिचं मन उभं राहतं किंवा खचतं. त्यातलं मला जे कळलं ते इथे लिहिते.

१. पहिल्या भेटीत अर्ज काढायचा नाही.

मार खाणारी बाई कधीच ‘मला मारतात’ म्हणत दारात येत नाही. ती विचारते, “ताई, रेशनकार्ड वेगळं करून भेटते काय?” किंवा पोरीच्या जातीच्या दाखल्याचं काहीतरी विचारते. रेशनकार्ड वेगळं हवं म्हणजे चूल वेगळी हवी आणि चूल वेगळी हवी म्हणजे घरात काहीतरी सोसण्यापलीकडे गेलं आहे, हे ओळखायला मला बराच काळ लागला. अशा वेळी समोर कोरा अर्ज ठेवला की ती नाव, गाव, वय सांगते आणि निघून जाते. चहा ठेवला, पऱ्हाटी कशी आहे, निंदणाला बाया मिळतात का, असं विचारलं, तर तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज बदलतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं गेलं, तेव्हा शंभरातल्या फक्त १४ जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, कुणाजवळ तोंडही उघडलं नव्हतं. आपल्या सगळ्या हेल्पलाइन, सगळी केंद्रं त्या १४ जणींसाठी उघडी आहेत. उरलेल्या रेशनकार्डाचं विचारायला येतात. म्हणून ग्रामसेवक, तलाठी, आशा, अंगणवाडी सेविका, सेतू केंद्रातला मुलगा यांच्यापैकी कुणाशी तरी तिचं पहिलं बोलणं होतं आणि त्यांना ऐकायला शिकवणं हा सुरक्षेचा पहिला खर्च असायला हवा.

२. गटाच्या बैठकीत जे बरं होतं ते दवाखान्यात होत नाही.

महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, १९७५मध्ये स्थापन झालं. २००७पासून तेजस्विनी कार्यक्रम आला, २०११मध्ये उमेद अभियान सुरू झालं. गावोगाव गट झाले, ग्रामसंघ झाले, तालुक्याला लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बायका जमतात, पन्नास-शंभर रुपये गोळा करतात, कर्ज वाटतात. आत बसल्यावर वेगळं दिसतं.

बैठकीची सुरुवात ओळखीने होते. नवीन गटात बाई उभी राहते, पदर तोंडात धरते आणि अमक्याची बायको, तमक्याची माय अशी ओळख सांगते. मी म्हणायची, “तुमचं नाव सांगा.” काही जणींना ते आठवायला क्षणभर थांबावं लागे, कारण लग्नानंतर त्या नावाने कुणी हाकच मारलेली नसे. वर्षभराने तीच बाई बँकेत शाखाधिकाऱ्यासमोर बसून गटाचं कर्ज का अडलं ते विचारते. तेवढ्या काळात तिच्या घरातलं काही बदललेलं नसतं, उत्पन्नही फारसं वाढलेलं नसतं. पण तिचं म्हणणं दर महिन्याला दहा बायकांनी ऐकलेलं असतं, तिच्या सहीवर पैसे निघालेले असतात. ज्या बाईला रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं डोकं दुखतं, तिला मी गोळीच्या बरोबरीने गटाचा पत्ता देते. गोळी टाळायला मी कधीच सांगत नाही. ती लागते तिथे लागतेच.

एक पाहिलेलं सांगते. मारहाणीची बातमी गटाला कळली की नवऱ्याचा हात काही दिवस तरी थांबतो. अंगणात दहा बायका येऊन नुसत्या बसल्या तरी पुरतं. कायद्याने हे काम करायला वेळ लागतो.

३. तोच गट बाईला खचवूही शकतो.

गावात आता खासगी फायनान्स कंपन्यांचे गट आहेत, आठवड्याचा हप्ता आहे. एका बाईच्या नावावर दोन-तीन कर्जं असतात, पैसा नवऱ्याच्या बियाण्यात किंवा सासऱ्याच्या दवाखान्यात गेलेला असतो. हप्ता चुकला की शेजारणींना तिचा भरावा लागतो. मग ज्या बायका तिच्या अंगणात धीर द्यायला बसायच्या, त्याच वसुलीला बसतात. हप्त्याच्या दिवशी सकाळपासून शेतात लपून राहणाऱ्या बाया मला माहीत आहेत. सरकारी गट आणि खासगी गट गावाला सारखेच दिसतात. म्हणून माविम आणि उमेदच्या कार्यकर्त्यांनी कर्ज मंजूर करण्याआधी बाईला एकटीला घेऊन विचारावं: हा पैसा कोण खर्च करणार आहे?

४. आत्महत्येनंतर घरात जो पहिला सरकारी माणूस येतो, तो काय बोलतो ते बाई जन्मभर विसरत नाही.

या एका गोष्टीवर मी कितीही लिहू शकते, कारण या जिल्ह्यात तिच्याइतकं खोल दुसरं काही नाही.

शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो, प्रकरण तहसीलमधून जिल्हा समितीपुढे जातं. जमीन घरच्यांच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जातं. पात्र ठरलं तर १ लाख रुपये, त्यातले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीत. २००६पासून आकडा तोच आहे. अपात्र ठरलं तर काही नाही.

बाईच्या मनात मात्र ‘अपात्र’ हा शब्द वेगळाच उतरतो. नवरा ठेक्याने शेत करायचा, कर्ज नातेवाइकाकडचं होतं, म्हणून प्रकरण अपात्र. तिला वाटतं, सरकार म्हणतं माझा माणूस खोटाच मेला. गाव आधीच तिच्याकडे बोट दाखवत असतं: हिनेच कटकट केली असेल, हिचाच पायगुण. त्यात हा शिक्का. एका बाईने मला विचारलं होतं, “ताई, कर्ज नव्हतं म्हनते ते. मंग तो मेला कायले?” मी तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले की समितीने कागद तपासले आहेत, त्याचं दुःख तपासलेलं नाही. हे तिला तलाठ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं.

२०१५मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू झालं, गावपातळीवर समित्या झाल्या. आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला. त्यात आशाने शेतकऱ्याच्या घरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे आणि ताण जास्त दिसला तर पुढे पाठवायचं, १०४ क्रमांकावर बोलणं करून द्यायचं. कल्पना चांगली होती आणि आहे. पण प्रश्न बहुतेक करून कर्त्या पुरुषाला विचारले जायचे. बाजूला उभी असलेली बाई, जी रात्रभर जागून नवऱ्यावर आणि फवारणीच्या डब्यावर नजर ठेवते, तिला कोण विचारणार? त्या घरातलं सगळ्यात थकलेलं मन तिचं असतं.

मागे राहिलेल्या बाईला काय येतं, हे महाराष्ट्राने ११ जानेवारी २०१९ला यवतमाळातच पाहिलं. ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं आणि कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. त्यांच्या नवऱ्याने २०११मध्ये आत्महत्या केली होती. शेतकऱ्यांच्या विधवांच्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत. त्या मंचावर उभ्या राहिल्या तेव्हा अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, समोर अख्खं साहित्यविश्व होतं. त्यानंतर कितीतरी दिवस बचतगटांच्या बैठकीत तीच चर्चा होती. आपल्यासारखीच एक बाई माइकवर बोलली, एवढ्यानेच कित्येक जणींनी पहिल्यांदा घडलेलं सांगितलं. नाटकात काम करताना, समूहात आपलं दुःख मोठ्याने उच्चारताना जे घडतं, त्यासाठी सरकारात कुठलंही लेखाशीर्ष नाही. असायला हवं.

आणि सातबारा. नवरा जिवंत असताना त्यावर बायकोचं नाव चढवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, पुढे सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना आणली; तरी आजही फेरफारासाठी दीर आणि सासऱ्याच्या पाया पडणाऱ्या बाया मी पाहते. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, शेतकरी म्हणून नोंद नाही. आयुष्यभर तिनेच निंदलं, तिनेच वेचलं. ज्या घरात तिचं नाव सातबाऱ्यावर असतं, तिथे तेराव्यानंतर तिला माहेरी हाकलण्याची भाषा सहसा निघत नाही. समुपदेशनाने जो धीर यायला महिने लागतात, तो त्या एका नोंदीने येतो.

५. रकमेपेक्षा खात्री मोठी.

जून २०२४मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. यावर शहरात बरंच बोललं गेलं, राजकारण काढलं गेलं. मी बायकांनी त्या पैशातून काय आणलं ते विचारत गेले. चष्मा. कितीतरी दिवस टाळलेली दाढ काढणं. मुलीला पॅड. स्वतःला चप्पल. एका म्हातारीने नातवाला स्वतःच्या पैशाने पेढे आणले आणि त्या दिवशी ती सुनेच्या बरोबरीने खाटेवर बसली. पैसा नवऱ्याने काढून घेतला अशाही बाया आहेत. पण खातं तिच्या नावाचं आहे, त्यामुळे भांडण तरी तिच्या पैशावरून होतं आणि तिला ते भांडता येतं.

मग पडताळणी सुरू झाली. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. विधवा बाईने कुणाचा ओटीपी आणायचा? नंतर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश दाखवून वाट निघाली. पण नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईकडे यातलं काहीच नसतं. तो जिवंत आहे, दुसरं घर करून बसला आहे आणि घटस्फोटही नाही. ज्या माणसापासून सुटण्यासाठी ती धडपडते, त्यालाच फोन करून आकडा मागायचा. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असे, “माहे पैसे बंद तं नाई होनार ना?” आलेला पैसा आनंद देतो, पण जाईल की काय ही भीती जास्त खोल जाते. योजना आणणाऱ्यांनी ती बंद कशी आणि कुणाची होईल, हे पहिल्याच दिवशी बाईला समजेल अशा शब्दांत सांगितलं पाहिजे.

६. अर्धं तिकीट हे मला या सगळ्यांत सगळ्यात स्वच्छ पाऊल वाटतं.

१७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. अर्ज नाही, दाखला नाही, कुणाची सही नाही, कुणाचा ओटीपी नाही. बाई असणं पुरतं. घाटंजीची एक बाई म्हणाली, “आता मायेरी जाले कोनाले पैसे मांगा लागत नाई.” माहेरी जाता आलं की आईजवळ बोलता येतं. कोर्टाची तारीख चुकत नाही. मानसोपचाराचं औषध संपायच्या आत जिल्हा रुग्णालयात येता येतं. आत्मविश्वासावर खास कार्यक्रम घेण्याआधी बाईला घराबाहेर पडण्याची सोय करा.

७. समझोता म्हणजे समुपदेशन नव्हे.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. त्यात लिहिलं आहे की अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि ६० दिवसांत निकाल व्हावा असा प्रयत्न करायचा. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याने तिचा अहवाल भरून द्यायचा, वकील तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं. हेल्पलाइन १८१ आहे, ११२ आहे, दामिनी पथक आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी २ ऑक्टोबर २०१३पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्या नावातच मनाचा विचार आहे.

एवढं सगळं असताना बाई ठाण्यात जाते आणि तिला पहिलं वाक्य ऐकू येतं, “नवऱ्याला बोलावतो, समजावतो.” नवरा येतो, हात जोडतो, कागदावर सही होते. तिला त्याच्याबरोबर त्याच गाडीवर घरी पाठवलं जातं. त्या रात्री काय होतं ते पुढच्या वेळी ती सांगते, किंवा पुढची वेळ येतच नाही. माझं ठाम मत आहे की मार सुरू असेल तर दोघांना एकत्र बसवून बोलणं करूच नये. आधी तिला एकटीला ऐकायचं, तिला काय हवं ते विचारायचं, रात्री ती कुठे राहील ते ठरवायचं. वेगळं व्हायचं नाही, फक्त मार थांबायला हवा, असंही बऱ्याच जणी म्हणतात. तेही तिचंच म्हणणं असलं पाहिजे.

तक्रार करून काहीच न होणं हे तक्रार न करण्यापेक्षा वाईट आहे. न बोललेल्या बाईजवळ निदान एक आशा असते की बोलले तर कुणीतरी ऐकेल. बोलून झाल्यावर ती आशाही जाते.

८. गावागावात भीती वेगळी असते.

२०१८मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीच्या भीतीने बायका कापूस वेचायला गटागटानेच जायच्या. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली तोवर कित्येक घरांची मजुरी बुडाली. त्याआधीच्या वर्षी फवारणीच्या विषबाधेने जिल्हा हादरला होता. झरी जामणीच्या कोलाम पोडांवर भीती आणखी वेगळी. तिथल्या फसवल्या गेलेल्या मुलींवर बातम्या झाल्या, सर्वेक्षणं झाली, कॅमेरे आले. मदत देण्यासाठी आधी त्यांना ‘कुमारी माता’ म्हणून मोजलं गेलं आणि ती ओळख त्यांच्या मुलांनाही चिकटली. कोलामी बोलणाऱ्या मुलीला मराठीत प्रश्न विचारून तिचं मन कळत नाही. पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यावर गोरबोली जाणणारी कार्यकर्ती गेली की पाच मिनिटांत जे कळतं, ते मला दुभाषी घेऊन दिवसभरात कळलं नाही.

९. दारूच्या मतदानात बायका जे शिकतात ते कुठल्याच प्रशिक्षणात नाही.

यवतमाळच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला चंद्रपूर. वर्ध्यात दारूबंदी जुनी, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला झाली आणि २०२१मध्ये उठली. आमच्या जिल्ह्यात ‘स्वामिनी’ या दारूबंदी आंदोलनाच्या झेंड्याखाली बायकांनी बंदीची मागणी लावून धरली, मोर्चे काढले. जिल्ह्याची बंदी झाली नाही. पण गावातलं दुकान मतदानाने बंद करता येतं: उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी मजुरीला बाहेर गेली, जिला नवऱ्याने घरात अडवलं, जी बाळंतपणाला माहेरी आहे, ती सगळी मतं आपोआप दुकानाच्या बाजूला पडतात. हा निकष बदलला पाहिजे.

तरी ज्या गावात बायका घरोघर फिरून एकेक मत गोळा करतात, तिथे हरल्यानंतरही काहीतरी उरतं. अमक्या घरात रात्री काय चालतं हे आता सगळ्यांना माहीत असतं आणि ती लाज एकटीची राहत नाही.

१०. ऐकणारीचंही कुणीतरी ऐकायला हवं.

आशा, अंगणवाडी सेविका, उमेदच्या समुदाय संसाधन व्यक्ती (सीआरपी), केंद्रातल्या समुपदेशक या सगळ्या इथल्याच बाया आहेत. त्यांच्याही घरात कर्ज आहे, काहींच्या घरात दारू आहे. मानधन महिनोन्महिने अडकतं आणि कंत्राट वर्षावर असतं. दिवसभर गळफासाच्या आणि मारहाणीच्या गोष्टी ऐकून ती घरी जाते, भाकरी टाकते, पहाटे पुन्हा निघते. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. मी तो बायकांना देते तसा या कार्यकर्त्यांनाही देते आणि त्यांनी तो लावलाय हे मला माहीत आहे. प्रत्येक तालुक्याला एक कायम समुपदेशक, तिला ठरलेल्या तारखेला पगार आणि महिन्यातून एक दिवस तिच्यासारख्याच चार जणींबरोबर बसून मन मोकळं करण्याची रजा, एवढं जिल्हा नियोजनाच्या निधीतून करता आलं पाहिजे. पुढच्या बैठकीत मी हेच मागणार आहे आणि या वेळी झरीची आशा आणि महागावची सेविका माझ्याबरोबर येणार आहेत.